विकास, सत्ता आणि संस्कृती : चापिंगोच्या मक्याचा धडा

हथखोज हे छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाईच्या लगत असलेले गाव. आज हे नाव मुख्यतः अवजड उद्योगांच्या वसाहतीशी जोडले गेले आहे. लोखंडाची कापणी, जोडणी आणि घडाई करणारे लहानमोठे कारखाने ही या परिसराची ओळख होय. या सर्व उद्योगांच्या मुळाशी भिलाईचा पोलाद कारखाना आहे. या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभी वर्षाला १० लाख टन पोलादाची क्षमता योजली होती. यंत्रे आणि तज्ज्ञ सोव्हिएत संघातून आले, लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले, आणि जमीन मात्र भात पिकविणाऱ्या खेड्यांची होती.

एखाद्या राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला भांडवल, तंत्र आणि तज्ज्ञ पुरवावेत व त्यायोगे दुसऱ्याचे जीवनमान उंचवावे, या व्यवहाराला आंतरराष्ट्रीय विकास असे नाव आहे. जगातील अनेक विद्यापीठांत तो आता पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला आहे. हा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हथखोजमध्ये उभे राहून कोणते प्रश्न विचारावे लागतील? किती टन पोलाद निघाले, हा पहिला प्रश्न. ते काढणाऱ्यांपैकी कोणाला कायमची नोकरी मिळाली आणि कोण कंत्राटदाराच्या हाताखाली रोजंदारीवर राहिले, हा दुसरा. ज्यांच्या शेतांवर हे सारे उभे राहिले त्यांच्याजवळ पूर्वी कोणते ज्ञान होते आणि त्याचे पुढे काय झाले, हा तिसरा. पहिला प्रश्न अर्थव्यवहाराचा, दुसरा सत्तेचा आणि तिसरा संस्कृतीचा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अहवालांत सहज सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९० नंतरच्या काळात भिलाईत दीर्घकाळ क्षेत्राभ्यास केला. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातील अंतर इतके वाढले आहे की ते दोन वेगळे वर्गच मानावे लागतील, असे प्रतिपादन त्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. तिसरा प्रश्न बहुधा मागे राहतो. तो मागे राहिल्याने काय घडते, हे समजून घेण्यासाठी मेक्सिकोचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. आणि त्या उदाहरणाच्या मध्यभागी वर्ध्याचा एक मराठी माणूस उभा आहे.

तीन विद्या आणि त्यांचा संबंध

विकासाचा स्वतंत्र अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी अविकसित प्रदेशांना तांत्रिक साहाय्य देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पुढे हेग येथे १९५२ साली आणि इंग्लंडमधील ससेक्स येथे १९६६ साली या विषयाच्या स्वतंत्र संस्था निघाल्या. आरंभीच्या काळातील विचार बराच सरळ होता. श्रीमंत देश ज्या वाटेने गेले त्याच वाटेने गरीब देशांनी जावे. भांडवल आणि तंत्र मिळाले की वाटचाल आपोआप होईल, असे मानले जाई.

या समजुतीला पहिला मोठा धक्का लॅटिन अमेरिकेतून बसला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८ साली चिलीची राजधानी सांतियागो येथे लॅटिन अमेरिकेसाठी आर्थिक आयोग स्थापन केला. अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राउल प्रेबिश यांनी १९४९ मध्ये या आयोगासाठी लिहिलेल्या निबंधात एक साधी पण दूरगामी गोष्ट दाखविली. जे देश कच्चा माल विकतात आणि पक्का माल विकत घेतात, त्यांना व्यापारातून मिळणारा मोबदला दीर्घकाळात घटत जातो. म्हणून त्यांनी आयात होणारा माल शक्य तितका घरीच तयार करावा. भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला, तेव्हा तिच्यामागेही याच जातीचा विचार होता. त्या अर्थाने भिलाईची झोतभट्टी आणि लॅटिन अमेरिकेतील पोलाद कारखाने ही एकाच युगाची भावंडे होत. त्यानंतर १९६९ साली फर्नांदो एन्रिके कार्दोसो आणि एन्झो फालेतो यांनी परावलंबनाची मीमांसा करताना देशातील वर्ग आणि सत्ता यांच्याकडे लक्ष वेधले. बाहेरचे भांडवल एकट्याने काही करीत नाही. देशातील कोणता वर्ग त्याच्याशी हात मिळवितो, यावर फळ कोणाच्या पदरात पडेल हे ठरते. अशा रीतीने अर्थशास्त्राला राज्यशास्त्राची जोड मिळाली.

संस्कृतीचा अभ्यास दुसऱ्या वाटेने आला. संयुक्त संस्थानांत मेक्सिकन, पोर्तोरिकन आणि इतर लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांना लॅटिनो म्हणतात. तेथील शेतांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या या समाजाचा इतिहास विद्यापीठांत शिकविला जात नसे. १९६८ आणि १९६९ या वर्षांत कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी मोठी आंदोलने केली आणि त्यांतून हे अभ्यासक्रम सुरू झाले. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी याच सुमारास चिलीतील विजनवासात आपला विचार मांडला. शिकणारा हा रिकामे भांडे नसतो. त्याच्या भाषेतून आणि अनुभवातूनच शिक्षण सुरू झाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

विकास, राजकारण आणि लॅटिन संस्कृती हे विषय एका पदवीच्या अभ्यासक्रमात एकत्र का येतात, याचे उत्तर या इतिहासात आहे. तथापि, विद्यापीठांनी त्यांची सांगड घालण्यापूर्वी चाळीस वर्षे एका माणसाच्या आयुष्यात ती घातली गेली होती.

वर्ध्याहून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे झाला. शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे झाले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते देशाबाहेर पडले आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. कॅलिफोर्नियातील एका लष्करी शिक्षणसंस्थेत त्यांनी प्रशिक्षण घेतले, आणि ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत कृषिशास्त्राचा अभ्यास केला. सशस्त्र उठावाची तयारी आणि मातीचे शास्त्र या दोन विद्या ते एकाच वेळी शिकत होते. देश पारतंत्र्यात आहे म्हणून शेतकरी दरिद्री आहे आणि शेतकरी दरिद्री आहे म्हणून देश दुबळा आहे, असे मानणाऱ्या त्या पिढीला यांत विसंगती वाटत नव्हती.

ऑरेगनमधील लाकूड गिरण्यांत तेव्हा अनेक पंजाबी मजूर काम करीत. खानखोजे त्यांच्यात मिसळले आणि गदर चळवळीच्या आरंभीच्या संघटकांपैकी एक झाले. ‘गदर’ या पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. याच पंजाबी मजुरांपैकी काहींनी पुढे कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात शेती केली. स्वदेशातून कुटुंब आणण्यास कायद्याची बंदी आणि गोऱ्या स्त्रियांशी विवाह करण्यास अडथळे, अशा स्थितीत त्यांतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. त्या घरांत पोळी आणि तोर्तिया एकाच तव्यावर भाजली जाऊ लागली. भारतीय आणि लॅटिनो या दोन समाजांची ही गाठ कोणत्याही सरकारी करारावाचून पडली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि मॉस्को येथे वास्तव्य झाले. मायदेशी परतण्याची वाट बंद होती. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला गेले.

चापिंगो आणि मुक्त कृषिशाळा

मेक्सिकोत १९१० साली सुरू झालेली क्रांती मुख्यतः जमिनीच्या प्रश्नावरून पेटली होती. ‘आसिएन्दा’ नावाच्या विस्तीर्ण जहागिरींनी खेड्यांच्या सामाईक जमिनी गिळल्या होत्या. १९१७ च्या संविधानाच्या सत्ताविसाव्या कलमाने जमिनीवर अंतिम हक्क राष्ट्राचा असल्याचे ठरविले आणि खेड्यांना जमीन परत देण्याचा मार्ग मोकळा केला. शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झापाता याची १९१९ मध्ये हत्या झाली, परंतु त्याची मागणी कायद्यात शिरली होती. १९२१ साली शिक्षण मंत्रालय स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत शिक्षकांची पथके जाऊ लागली.

राजधानीजवळ टेक्सकोको परिसरातील चापिंगो ही अशीच एक जुनी जहागीर. क्रांतीनंतर तेथे राष्ट्रीय कृषिशाळा आणली गेली. येथे जमिनीचा उपयोग करून घ्यायला शिकवावे, माणसाचा नव्हे, अशा आशयाचे तिचे ब्रीद आहे. जहागिरीच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या चित्रकाराने माती, बीज आणि क्रांती यांची भव्य भित्तिचित्रे रंगविली. या शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले.

महाविद्यालयातील अध्यापनावर ते थांबले नाहीत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसह मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. या शाळांत शुल्क नव्हते. शिकणारे होते प्रौढ शेतकरी, ज्यांना नुकतीच जमीन मिळाली होती किंवा मिळण्याची आशा होती. शाळा गावातच भरे. एका शाळेला झापाताचे नाव दिले होते. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती हिने या शाळांची आणि खानखोजे यांच्या पीकप्रयोगांची छायाचित्रे काढली. रुंद कडांच्या टोप्या घातलेले शेतकरी दाटीने एकत्र बसले आहेत, अशी ती दृश्ये आहेत. १९३० साली तिला देशाबाहेर घालविण्यात आले. रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२८ साली रंगविलेल्या चित्रांपैकी एकात, मेजाभोवती बसलेल्यांना भाकर वाटून देणारा पुरुष दिसतो. ती आकृती खानखोजे यांच्यावरून घेतली असल्याचे मानले जाते.

जमीन मिळणे हा राजकारणाचा विजय होय. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जहागीरदाराच्या हुकमाने राबलेल्या माणसाला बियाणे, पतपुरवठा आणि बाजार यांचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो, तेव्हा त्याला ज्ञानाची गरज पडते. आणि ते ज्ञान त्याला परवडेल अशा ठिकाणी, त्याला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. मुक्त कृषिशाळेमागील हा विचार आज विकासाभ्यासाच्या प्रत्येक पाठ्यक्रमात आढळतो. त्या काळी तो नवा होता.

बीज आणि त्याचे घर

खानखोजे यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय मका होता. मका मेक्सिकोत नुसते पीक नाही. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी ‘तेओसिंते’ नावाच्या रानटी गवतापासून तो घडविला. मोजक्या, कठीण कवचाच्या दाण्यांचे ते गवत आणि आजचे भरगच्च कणीस यांत इतके अंतर आहे की त्यांचे नाते शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पटत नव्हते. खानखोजे यांनी मका आणि तेओसिंते यांच्या संकरावर काम केले आणि ‘ग्रानादा’ या मक्याच्या प्रकारावर १९३६ मध्ये स्पॅनिशमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. शेतकऱ्याने हजारो वर्षे केलेल्या निवडीच्या पायावर शास्त्राने पुढची पायरी बांधावी, अशी ही दिशा होती.

मक्याबरोबर एक संपूर्ण व्यवस्था आली होती. मेक्सिकन शेतकरी एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा लावतो. या पद्धतीला ‘मिल्पा’ म्हणतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवितात आणि तण वाढू देत नाहीत. घरात स्त्रिया मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग धुऊन वाटतात आणि त्या पिठाच्या तोर्तिया करतात. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते. शिवाय दाण्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते.

या शेवटच्या गोष्टीचे मोल जगाला फार उशिरा कळले. सोळाव्या शतकात मका युरोपात गेला तो एकटाच. चुन्याची रीत सोबत गेली नाही, कारण ती घरातील बायकांची रीत होती आणि नेणाऱ्यांना तिची दखल घेण्याजोगे काही वाटले नाही. अठराव्या शतकापासून उत्तर इटलीतील आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतील गरीब लोक मुख्यतः मक्यावर जगू लागले, तेव्हा त्यांच्यात पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी काळवंडून फाटणे, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू, असे त्याचे स्वरूप आहे. मेक्सिकोच्या खेड्यांत तोच मका खाणाऱ्यांना हा रोग सहसा होत नसे. बीज नेले आणि संस्कृती मागे ठेवली, तर अन्नच रोगाचे कारण ठरू शकते. विकासाच्या अभ्यासात संस्कृतीला शोभेची जागा देऊन भागत नाही, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण आहे.

दुसरा मार्ग

राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या १९३४ ते १९४० या कारकीर्दीत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन खेड्यांना वाटली गेली. त्यानंतर धोरणाचा रोख बदलला. रॉकफेलर प्रतिष्ठानने मेक्सिकोतील शेतीसुधारणेचा कार्यक्रम हाती घेण्याचे ठरविले. त्यापूर्वी, १९४१ साली, भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉअर यांनी प्रतिष्ठानला सावध केले होते. अमेरिकन कृषितज्ज्ञांनी मोजक्या व्यापारी वाणांचा आग्रह धरला, तर देशी वाणांची संपत्ती आणि तिच्यावर उभी असलेली अर्थव्यवस्था व संस्कृती यांची हानी होईल, असे त्यांचे मत होते. १९४३ मध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले. त्यांनी गव्हाचे तांबेराप्रतिकारक आणि नंतर बुटके वाण तयार केले. १९५६ च्या सुमारास मेक्सिको गव्हाबाबत स्वयंपूर्ण झाला. १९६६ साली भारताने मेक्सिकन गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. त्याच वर्षी मका व गहू सुधारणेचे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, तेही टेक्सकोकोजवळच.

या कार्यक्रमाचे यश नाकारणे अन्यायाचे होईल. दुष्काळाच्या छायेतील देशाला धान्य मिळाले आणि १९७० साली बोरलॉग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक देण्यात आले, ते उचितच होते. परंतु हा लाभ कोणाला अधिक झाला, हेही पाहिले पाहिजे. गव्हाचे नवे वाण पाणी आणि खत मागत. मेक्सिकोच्या वायव्येकडील सोनोरा राज्यातील बागायतदारांजवळ या दोन्ही गोष्टी होत्या. डोंगराळ भागात पावसावर मका पिकविणाऱ्या छोट्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. शास्त्र तेच, पण जमीन, पाणी आणि पैसा कोणाकडे आहे यावरून त्याचे फळ वाटले गेले. सत्तेचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

पुन्हा छत्तीसगडात

भारत स्वतंत्र झाल्यावर खानखोजे परतले आणि नागपुरात राहिले. भिलाईचा करार झाला त्या वेळी वर्धा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९६७ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले. मेक्सिकोत ज्याची आकृती सरकारी भिंतीवर आहे, त्या माणसाची ओळख महाराष्ट्रातही बराच काळ मोजक्यांनाच होती. त्यांच्या कन्या सावित्री सहानी यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ही उणीव काहीशी भरून निघाली. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

मेक्सिकोला जसा मका, तसा छत्तीसगडला भात. येथील शेतकरी ‘बियासी’ नावाची रीत पाळतो. भात फेकून पेरायचा आणि महिनाभराने, शेतात पाणी साचल्यावर, उभ्या पिकात नांगर फिरवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला हा पिकाचा नाश वाटेल. प्रत्यक्षात तण मरते आणि दाट रोपे विरळ होतात. आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवून केलेली ‘बासी’ उन्हाळ्यात राबणाऱ्याचे अन्न असते. येथील वाणांची विविधता थक्क करणारी आहे. भाततज्ज्ञ डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात रायपूरहून गावोगाव हिंडून हजारो वाण गोळा केले आणि शेतकऱ्यांनी निवडलेल्या वाणांतूनच सुधारणा साधावी असा आग्रह धरला. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. २००२ साली एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी या संग्रहासंबंधी सहकार्याची बोलणी झाली, तेव्हा शेतकरी आणि नागरिक यांनी विरोध केला आणि ती सोडून द्यावी लागली. हा संग्रह कोणाच्या श्रमाने तयार झाला आणि त्यावर हक्क कोणाचा, हा त्या विरोधाचा गाभा होता.

हथखोजच्या कारखान्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या एखाद्या कामगाराच्या आजोबांनी बियासीचा नांगर चालविला असेल. विकासाचा अभ्यास करणाऱ्याने त्या कामगाराची मजुरी जरूर मोजावी, त्याचा करार कोणाशी आहे हे जरूर तपासावे. परंतु त्याच्या घरी कोणते ज्ञान होते, त्यातले किती त्याच्यापर्यंत पोहोचले आणि नव्या कामात त्याला कोणी काय शिकविले, हेही विचारावे. खानखोजे दोन विद्यांत तयार होऊन मेक्सिकोत गेले आणि तेथे गावातल्या शाळेत शेतकऱ्यांसमोर उभे राहिले. शिकवायला आलेल्या माणसाने समोरच्याकडे नऊ हजार वर्षांचे शिक्षण आहे हे जाणून बोलावे, एवढी अट त्या शाळेने घातली होती. पदव्युत्तर वर्गालाही ती लागू पडते.